जॉनी ग्रीनवुड: गिटार, ओंद मार्तनो, तानपुरा आणि पार्श्वसंगीत. कामाच्या पद्धतीबद्दल धागा

खर्जातला

'रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडचा गिटारवाला' या ओळखीपलीकडे जॉनी ग्रीनवुडवर मराठीत फारसं काही वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा. चाहत्यांच्या आठवणींचे धागे बरेच आहेत. इथे 'तो नेमकं काय करतो आणि ते कसं होतं' एवढ्यावरच बोलू.

आधी थोडक्यात प्रवास. जन्म १९७१, ऑक्सफर्ड. शाळेत रेकॉर्डर आणि व्हायोला. मोठा भाऊ कॉलिन बेसवर होताच, त्यामुळे 'ऑन अ फ्रायडे' या शाळकरी बँडमध्ये शिरकाव झाला, तोही आधी हार्मोनिका आणि कीबोर्ड घेऊन. १९९१ मध्ये ईएमआय या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला, नाव रेडिओहेड झालं आणि कॉलेज सुटलं. २००३ मध्ये 'बॉडीसाँग' या माहितीपटाचं संगीत केलं. २००४ मध्ये बीबीसी कॉन्सर्ट ऑर्केस्ट्राने निवासी संगीतकार म्हणून घेतलं, २००७ मध्ये 'देअर विल बी ब्लड' या चित्रपटाचं. पुढे त्याचाच दिग्दर्शक पॉल थॉमस अँडरसनचे 'द मास्टर', 'इनहेरंट व्हाइस', 'फँटम थ्रेड', 'वन बॅटल आफ्टर अनदर', लिन रॅमसीचे दोन, जेन कॅम्पियनचा 'द पॉवर ऑफ द डॉग', 'स्पेन्सर'. मध्येच २००७ मध्ये ट्रोजन या रेकॉर्ड कंपनीसाठी रेगे (जमैकन) गाण्यांचं संकलन, २०१५ मध्ये जोधपूरला 'जुनून', २०२३ मध्ये दुदू तासा या इस्राएली संगीतकाराबरोबर अरबी गाण्यांचा अल्बम, आणि 'द स्माइल' हा वेगळा बँड.

यादी वाचून धरसोड वाटेल. मला वाटत नाही. शैली बदलल्यासारखी दिसते ती हातातलं वाद्य बदलल्यामुळे. प्रश्न तोच राहतो: हे वाद्य कुठे अडतं, आणि अडतं तिथे कसं वाजतं? पटत नसेल तर भांडा, पण उदाहरण देऊन.

पंचमवेडी

वाचनखूण साठवली. मुद्दा अर्धा पटला. रेडिओहेडच्या 'क्रीप'मध्ये कोरसच्या आधी येणारे ते खाडकन आवाज त्याच जातीचे आहेत. डाव्या हाताने तारा नुसत्या झाकायच्या, पडद्यावर दाबायच्या नाहीत, आणि उजव्या हाताने पूर्ण ताकदीने फटका. सूर शून्य, फक्त तारेचा आणि पिकअपचा (गिटारवरच्या चुंबकी माइकचा) आवाज. बाकी गाणं चार कॉर्ड्सचं आहे, त्यातला शेवटचा सी मेजरचा सी मायनर होतो एवढीच काय ती नजाकत.

पण रेगे संकलन आणि 'स्पेन्सर'मधलं बारोक (१७-१८ व्या शतकातल्या युरोपीय धाटणीचं) संगीत यांच्यात काय समान आहे ते सांगा बुवा.

तारेवरची_कसरत

रेगेचं उत्तर सोपं आहे: डब, म्हणजे रेगेची गाणी मिक्सरवर एको वगैरे लावून नव्याने घडवणं. रोलंडचा आरई-२०१ स्पेस एको हा टेपवर चालणारा एको त्याच्याकडे कायम असतो. टेपचा वेग हाताने फिरवला की प्रतिध्वनीचा सूर सरकतो. डबवाल्यांनी हेच यंत्र वाद्य म्हणून वाजवलं, यानेही तेच केलं.

गिटारच्या बाजूने करून बघायचं असेल तर तीन गोष्टी पुरतात.

किल स्विच. त्याच्या टेलिकास्टर प्लस गिटारवर एक बटण बसवलेलं आहे, दाबलं की आवाज बंद. स्वतः बसवताना 'नॉर्मली ओपन' जातीचं दाबबटण घ्या आणि ते आउटपुट जॅकच्या सिग्नलच्या टोकाला आणि अर्थला (ग्राउंडला) असं समांतर जोडा. दाबलं की सिग्नल ग्राउंडला जातो आणि पूर्ण शांतता मिळते. बरेच जण सिग्नलची तार मध्येच तोडून तिथे स्विच लावतात. मग दाबल्यावर केबल अधांतरी राहते, अँटेनासारखं काम करते आणि शांततेऐवजी घूं ऐकू येतं.

व्हॅमी, म्हणजे पायाने सूर वर-खाली सरकवणारा पेडल. डिजिटेकच्या पहिल्या डब्ल्यूएच-१ ने 'जस्ट' आणि 'माय आयर्न लंग' घडवलं. हा पेडल डिस्टॉर्शनच्या (आवाज फाडणाऱ्या पेडलच्या) आधी ठेवा, कारण त्याला सूर ओळखावा लागतो आणि स्वच्छ एकेरी सूरच नीट ओळखता येतो. कॉर्ड दिली की गडबडतो. आणखी एक: जुन्या व्हॅमीला ९ व्होल्ट एसी लागतो. नेहमीचा डीसी ॲडाप्टर लावून 'पेडल मेला' म्हणणारे खूप.

मार्शल श्रेडमास्टर, हा डिस्टॉर्शनचा पेडल. यातल्या 'काँटूर'ने मधल्या फ्रिक्वेन्सी खाली जातात. एकट्याने ऐकताना भारी वाटतं, बँडमध्ये गिटार गायब होते. रेडिओहेडमध्ये तीन गिटार असतात हे लक्षात घेऊन तो नॉब फिरवा.

अर्धमात्रा

रेडिओहेडच्या 'गो टू स्लीप'च्या शेवटी गिटार तुटक तुटक उडते, तो मॅक्स एमएसपी या सॉफ्टवेअरमधला पॅच (छोटा प्रोग्रॅम) आहे, पेडल नाही. तत्त्व साधं आहे. चालू आवाज २ सेकंदांच्या बफरमध्ये सतत लिहीत राहायचा (४८ किलोहर्ट्झला ९६,००० सॅम्पल) आणि वाचणारं टोक कुठेही उडवायचं. प्रत्येक तुकडा ५० ते २०० मिलिसेकंदांचा.

दोन ठिकाणी फसतं. तुकड्याच्या दोन्ही टोकांना ५ मिलिसेकंदांचा फेड (आवाजाचा हळू चढ-उतार) दिला नाही तर प्रत्येक उडीला 'टक' येतो. आणि तुकड्याची लांबीही यदृच्छ ठेवली तर ताल विरघळतो. जागा यदृच्छ असू दे, उडीची वेळ मात्र मात्रेला बांधा. १२० च्या लयीत अर्धी मात्रा २५० मिलिसेकंदांची. म्हणजे काय वाजेल ते अनिश्चित, कधी वाजेल ते पक्कं.

गजकरण

आता तंतुवाद्यांकडे या, खरी मेजवानी तिथे आहे. (आयडीवर विनोद नकोत, गजाने वाजवणारा एवढाच अर्थ.)

रेडिओहेडच्या 'ओके कॉम्प्युटर' अल्बममधलं 'क्लाइंबिंग अप द वॉल्स' घ्या. शेवटी जो पांढरा गोंगाट (व्हाइट नॉइज, रेडिओसारखी खरखर) चढतो तो १६ व्हायोलिनांचा आहे, प्रत्येक व्हायोलिन शेजारच्यापासून क्वार्टर टोनवर, म्हणजे कोमल-शुद्धमधल्या अंतराच्या निम्म्यावर. प्रेरणा पेंडेरेत्स्की या पोलिश संगीतकाराची, आणि ते त्याने कधी लपवलेलं नाही.

घरच्या संगणकावर असं करता येतं:

१. क्वार्टर टोन म्हणजे ५० सेंट (कोमल-शुद्धमधलं अंतर, म्हणजे सेमीटोन, १०० सेंटचं). १६ आवाजांमध्ये १५ अंतरं, म्हणजे एकूण पट्टा ७५० सेंट. ४४० हर्ट्झच्या ए पासून सुरू केलंत तर वरचं टोक साधारण ६७९ हर्ट्झला येतं, वरच्या ई आणि एफ यांच्या बरोबर मध्ये.

२. मिडी पिचबेंडची (सिंथला सूर वाकवायला सांगणाऱ्या आज्ञेची) मर्यादा ±२ सेमीटोन असेल तर एका सेमीटोनला ४०९६ पायऱ्या, क्वार्टर टोनला २०४८. आठ आवाज शून्यावर, आठ +२०४८ वर. पिचबेंड पूर्ण चॅनलला लागतो, एकेका सुराला नाही, म्हणून किमान दोन चॅनल हवेतच.

३. व्हायब्रेटो (सुराचा कंप) पूर्ण बंद. व्हायोलिनचा मोकळा व्हायब्रेटो वर-खाली २०-३० सेंट सहज जातो. शेजारी ५० सेंटवर असेल तर दोघं एकमेकांत मिसळतात आणि क्लस्टरऐवजी (लागून असलेल्या सुरांच्या गठ्ठ्याऐवजी) फुगलेला सूर ऐकू येतो.

४. सगळे एकाच क्षणी सुरू करू नका. अर्ध्या ते दोन सेकंदांत विखरा.

निषाद_कोमल

हे करून पाहिल्यावर ॲकॉर्डियन बिघडल्यासारखा आवाज येतो. गोंगाट वाटत नाही, भीती तर अजिबात नाही. काय चुकतंय?

गजकरण

दोन शक्यता, बहुधा दोन्ही.

पहिली: सॅम्पल लायब्ररीत (मुद्रित सुरांच्या संग्रहात) प्रत्येक सुराचं स्वतंत्र सॅम्पल असेलच असं नाही. एकच रेकॉर्डिंग तीन-चार सुरांना ताणून वापरतात. मग तुमचे १६ जण प्रत्यक्षात चार-पाच जणच असतात, आणि त्यांच्या गजाची खरखर एकाच नमुन्याची असते. कान ते लगेच पकडतो. उपाय: आठ-आठचे गट दोन वेगवेगळ्या लायब्ररींमधून घ्या, सॅम्पलची सुरुवात थोडी मागे-पुढे करा, आणि प्रत्येक आवाजाला ±८ सेंटपर्यंत संथ हेलकावा द्या. अचूक ५० सेंट खऱ्या वादकांना जमतही नाहीत, आणि तेच हवं असतं.

दुसरी: खूप खाली वाजवताय. ४४० हर्ट्झला क्वार्टर टोनवरचे दोन सूर सेकंदाला जवळपास १३ ठोके (आवाजाचे चढ-उतार) देतात, तो खडबडीतपणा अंगावर येतो. तेच ११० हर्ट्झला केलं तर ठोके तीनच्या आसपास, म्हणजे नुसतं डुलणं. ॲकॉर्डियन तिथून येतो. खालच्या पट्टीत अंतर वाढवा, वरच्या पट्टीत कमी करा.

निषाद_कोमल

पट्टी वर नेल्यावर एकदम फरक पडला. धन्यवाद!

पंचमवेडी

ओंद मार्तनोबद्दल कुणी लिहिलं नाही अजून.

खर्जातला

लिहितो. मॉरिस मार्तनो या फ्रेंच माणसाने १९२८ मध्ये पॅरिसला लोकांसमोर आणलेलं इलेक्ट्रॉनिक वाद्य. ओलिविए मेसियाँच्या 'तुरांगालिला' सिंफनीत ते आहे, आणि ग्रीनवुड शाळकरी वयात ती सिंफनी ऐकूनच या वाद्याच्या नादी लागला. 'किड ए'मधलं 'हाउ टू डिसअपीअर कम्प्लीटली' ऐका. मागे जे तरंगतं त्यात ओंदचे थर आहेत आणि खरी तंतुवाद्यंही, कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते पटकन कळत नाही.

वाद्याची गंमत दोन हातांच्या वाटणीत आहे. उजव्या हाताच्या बोटात अंगठी, ती एका तारेला जोडलेली, कीबोर्डसमोर आडवी सरकवायची. सूर तिथून ठरतो, मध्ये पडदा नाही. डाव्या हाताखाली एक संवेदनशील कळ. ती दाबली तरच आवाज, आणि जेवढी दाबाल तेवढा मोठा. म्हणजे प्रत्येक सुराचा उगम आणि शेवट डाव्या हाताचा. मींड उजवा हात काढतो, पण मींड कुठे ऐकू द्यायची ते डावा ठरवतो. सारंगी किंवा सरोद ऐकणाऱ्याला हे समजवावं लागत नाही. शिवाय स्पीकरही वेगवेगळे: एकात स्प्रिंगा, एकात गाँगची धातूची थाळी, एकावर सहकंपी तारा ताणलेल्या.

सिंथवर नक्कल करताना लोक पोर्टामेंटो (एका सुरावरून दुसऱ्यावर आपोआप घसरणं) लावून मोकळे होतात आणि भोंगा वाजतो. कारण पोर्टामेंटोला ठरावीक वेळ असतो, दोन सुरांमधलं अंतर छोटं असो वा मोठं. बोट तसं सरकत नाही. ते निघताना रेंगाळतं आणि पोचताना सावरतं. त्यापेक्षा साइन किंवा त्रिकोणी लाट घ्या, एका वेळी एकच सूर. ॲम्प्लिट्यूड एन्व्हलपचा अटॅक शून्य, सस्टेन पूर्ण. सूर रिबन कंट्रोलरवर (बोट सरकवायच्या पट्टीवर), आणि आवाज पूर्णपणे एक्स्प्रेशन पेडलवर. पेडलचा वक्र रेषीय असेल तर पहिल्या थोड्याशा दाबातच सगळा आवाज येऊन जातो, म्हणून लॉगरिदमिक वक्र निवडा.

अर्धमात्रा

पुरवणी: तारेसमोरचा कीबोर्डही वाजतो आणि त्याच्या कळा आडव्या हलतात, व्हायब्रेटो तिथून. २००४ ची 'स्मिअर' ही रचना त्याने दोन ओंद मार्तनो आणि छोट्या वाद्यवृंदासाठी लिहिली. नाव अगदी चपखल.

सुरावट

एक तिखट प्रश्न. पेंडेरेत्स्की १९६० च्या आसपास हे सगळं करून मोकळा झाला होता. ५२ तंतुवाद्यांची 'थ्रेनोडी', ४८ ची 'पॉलिमॉर्फिया'. मग 'देअर विल बी ब्लड'मध्ये नवीन काय? उसनवारीच ना?

गजकरण

उसनवारी आहे, उघड आहे. पण ग्रीनवुडची आधीची रचना 'पॉपकॉर्न सुपरहेट रिसीव्हर' (२००५) नुसती त्यावर उभी नाही. ३४ तंतुवाद्यं, प्रत्येकाला वेगळी ओळ. कल्पना रेडिओच्या खरखरीची: सगळे सूर एकदम वाजले तर तो पांढरा गोंगाट, मग त्यातला एकेक थर काढत गेलं की खाली सुरावट सापडते. म्हणजे लिहिण्यापेक्षा खोडण्याची पद्धत. पेंडेरेत्स्की गठ्ठे रंगवतो. ग्रीनवुडच्या गठ्ठ्यात आत एखादी साधी, जवळपास भजनासारखी चाल दडलेली असते.

चित्रपटात या रचनेचे भाग वापरले आणि त्याच कारणाने ते संगीत ऑस्करच्या शर्यतीतून बाद झालं, कारण आधीच अस्तित्वात असलेलं संगीत त्यात बरंच होतं. बर्लिन चित्रपट महोत्सवात मात्र २००८ मध्ये रौप्य अस्वल मिळालं. ऑस्करची नामांकनं नंतर 'फँटम थ्रेड' आणि 'द पॉवर ऑफ द डॉग'साठी आली.

आणि पेंडेरेत्स्कीची 'पॉलिमॉर्फिया' एवढा कल्लोळ करून अखेरीस सी मेजरच्या स्वच्छ कॉर्डवर थांबते. ग्रीनवुडने २०११ मध्ये '४८ रिस्पॉन्सेस टू पॉलिमॉर्फिया' लिहिलं ते त्या कॉर्डला धरून. दोघांच्या रचना एकाच अल्बमवर २०१२ मध्ये आल्या. म्हातारबुवांची स्वतःची हरकत नव्हती, आपण कोण!

सुरावट

बरं, मान्य. तरी 'द मास्टर' मला तुकड्या-तुकड्यांचा वाटतो. 'फँटम थ्रेड' जास्त एकसंध आहे.

तारेवरची_कसरत

'फँटम थ्रेड'मध्ये त्याला गोंगाटाचा आडोसा नाही. पियानो आणि तंतुवाद्यं, सरळ सुरावट. तिथे कळतं की हा माणूस हार्मनी लिहू शकतो. क्लस्टरवाले पुष्कळ आहेत.

पंचमवेडी

'जुनून'वर येऊ या का?

खर्जातला

यावंच लागेल. २०१५, जोधपूरचा मेहरानगड. रचना शाय बेन त्झूर या इस्राएली संगीतकाराच्या, गाणी हिब्रू, उर्दू आणि हिंदीत. 'राजस्थान एक्स्प्रेस' हे नाव दिलेल्या ताफ्यात मांगणियार (राजस्थानी लोककलाकार), कव्वाल आणि ब्रास बँडवाले असे तिन्ही. ध्वनिमुद्रण रेडिओहेडचा निर्माता नायजेल गॉड्रिचचं. अँडरसनने त्याच नावाचा माहितीपट केला. ग्रीनवुड गिटार, बेस, कीबोर्ड, ओंद, ड्रम मशीन असं काय काय वाजवतो आणि बहुतेक वेळ मागेच राहतो. 'चला वाही देस'मध्ये तर मीराबाईंचे शब्द आणि दोन बायकांचे आवाज पुढे, बाकी सगळं पायघड्या घालण्यापुरतं.

मुद्दाम ऐकण्यासारखं: कॉर्ड जवळजवळ बदलतच नाहीत. बेस षड्जाभोवती फिरतो. पाश्चात्य माणूस भारतीय गाण्याखाली कॉर्डची रांग लावतो तेव्हा जे फ्यूजन होतं, ते इथे टाळलंय.

अर्धमात्रा

कॉर्ड टाळण्यामागे सुराचं गणितही आहे. ज्यांना तानपुऱ्यावर कीबोर्ड किंवा तंतुवाद्यं चढवायची आहेत त्यांच्यासाठी.

तानपुरा काळी एकला लावला तर मधल्या जोडीचा सा १३८.६ हर्ट्झ आणि खर्ज ६९.३. खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो तिचा पाचवा हार्मोनिक, म्हणजे मूळ कंपनाच्या पाचपट, ३४६.५ हर्ट्झ. कीबोर्डवरचा तोच शुद्ध गंधार समान विभागणीमुळे (सप्तकाचे बारा सारखे भाग केल्यामुळे) ३४९.२ ला. फरक १४ सेंट, सेकंदाला जवळपास पावणेतीन ठोके. म्हणजे कीबोर्डवर मेजर कॉर्ड धरली की गंधार तानपुऱ्याशी भांडतो. पंचमाचं भांडण नाही, तिथे फरक जेमतेम २ सेंट.

व्यवहारात तीन वाटा. कॉर्डमधून गंधार काढून टाका, सा-पा-सा एवढंच ठेवा. किंवा सॉफ्टवेअर सिंथमध्ये गंधार १४ सेंट उतरवा. किंवा गंधार अशा वाद्याला द्या ज्याला पडदे नाहीत. व्हायोलिनवाला कान असेल तर आपोआप खाली येतो, फक्त त्याला हेडफोनमध्ये तानपुरा ठळक द्या, पियानो नको. ग्रीनवुडची 'वॉटर' (२०१४) ही रचना तंतुवाद्यांबरोबर तानपुरा घेऊनच लिहिलेली आहे. त्यात तानपुरा सजावटीला नाही, बाकीच्यांनी त्याच्यात मिसळायचं आहे.

निषाद_कोमल

लयीचं काय करायचं? लोकवादक क्लिकवर (मेट्रोनोमच्या टकटकीवर) वाजवत नाहीत.

अर्धमात्रा

वाजवायला लावूही नका. ढोलकवाला क्लिक ऐकून वाजवतो तेव्हा क्लिकशी जुळवण्यात त्याचं लक्ष जातं आणि गाणाऱ्याकडे पाहणं थांबतं. कव्वालीत लय चढतेच, चढायलाच हवी. क्लिकशिवाय पूर्ण टेक घ्या. नंतर समेवर खुणा करून टेंपो मॅप बनवा, दर आवर्तनाला एक खूण पुरते. प्रत्येक मात्रेला खूण केली तर संगणक वादकाच्या प्रत्येक झोक्याच्या मागे धावतो आणि वरून चढवलेलं ड्रम मशीन अडखळतं. दुसरा मार्ग उलटा: ड्रम मशीन आधी सुरू करून ते खोलीत स्पीकरवर सोडायचं, हेडफोनमध्ये नाही, म्हणजे ते ताफ्यातलं एक वाद्य होतं. यात सगळ्या माइकमध्ये ड्रम मशीन शिरतं, नंतर काढता येत नाही. ठरवूनच करा.

गजकरण

'द पॉवर ऑफ द डॉग' (२०२१) धाग्याच्या मुद्द्याला सगळ्यात जवळचा आहे. महासाथीमुळे मोठा वाद्यवृंद जमवणं अवघड, म्हणून त्याने स्वतः चेलो वाजवून थरावर थर चढवले. शिवाय अमेरिकन पश्चिमेचा सिनेमा म्हटलं की बँजो येतो, तर त्याने चेलोच बँजोसारखा बोटांनी छेडला.

हे खरंच करून बघण्यासारखं आहे. बँजोचा 'रोल' अंगठा, तर्जनी, मध्यमा असा फिरतो, आणि बँजोची आखूड पाचवी तार मध्येमध्ये तोच वरचा सूर देत राहते. चेलोच्या तारा सी, जी, डी, ए. पाचव्या तारेचं काम मोकळ्या ए ला द्या, चाल डी आणि जी वर ठेवा. लय फार चढवू नका. चेलोची तार जाड आणि लांब, जवळपास ६९ सेंटीमीटर, तिला हलायला वेळ लागतो. जलद वाजवलं की सूर जन्मायच्या आत पुढचं बोट येतं आणि नुसता ठपठप आवाज उरतो. तो ठपठपाट थोडा हवाच, त्यातच त्या चित्रपटाची अस्वस्थता आहे.

एकट्याने १६ थर चढवताना चुकतं ते खोलीच्या बाबतीत. एकच खुर्ची, एकच माइक, एकच जागा: खोलीचे जे सूर घुमतात ते १६ पट घुमतात. दर दोन टेकनंतर खुर्ची अर्धा मीटर सरकवा, माइकचं अंतर बदला. वाजवण्यातही बदल करा, एकदा घोडीजवळ, एकदा फिंगरबोर्डवर. आणि प्रत्येक टेकआधी सूर मागच्या थराशी लावू नका, मूळ संदर्भाशीच लावा. नाहीतर दर टेकला २ सेंट सरकत १६ व्या थराला ३० सेंट चढलेले असतात.

सुरावट

आणि आवाजातला हिस्स (मागची सततची सूंसूं)? १६ ट्रॅकचा मिळून प्रचंड होत असेल.

गजकरण

सगळे एकाच वेळी वाजत असतील तर फारसा प्रश्न नाही. हिस्स १२ डेसिबलने वाढतो खरा, पण १६ वेगळे टेकही मिळून साधारण तेवढेच वाढतात, प्रमाण तेच. प्रश्न येतो तो एकच जण वाजवत असताना आणि बाकीचे १५ ट्रॅक नुसते उघडे असताना. रिकाम्या जागा कापा, टोकांना २०-३० मिलिसेकंदांचे फेड द्या. नॉइज गेट (आवाज लहान झाला की तो बंद करणारं साधन) लावू नका, गजाचा शेवटचा श्वास तो खाऊन टाकतो.

पंचमवेडी

'स्पेन्सर'चं (२०२१) तर्कशास्त्रही असंच दिसतं: बारोक वाद्यवृंद बसवायचा आणि मग एकेका जागी जॅझवाले घुसवायचे. राजवाड्याचे रीतिरिवाज आणि त्यात न मावणारी बाई. वाद्यवृंद बदलला की अर्थ आपोआप येतो. माझा पहिल्या प्रतिसादातला प्रश्न मी मागे घेते.

तारेवरची_कसरत

चित्रपटाचं काम करू पाहणाऱ्यांसाठी. अँडरसनबरोबरची त्याची पद्धत अशी की दृश्य बघून सेकंदाबरहुकूम लिहिण्याऐवजी तो भरपूर संगीत आधीच देतो आणि दिग्दर्शक संकलन करताना त्यातून उचलतो. ऐकायला सोपं, पण त्यासाठी द्यायची वस्तू कापण्याजोगी असावी लागते.

स्टेम (एकेका वाद्यगटाचे ट्रॅक) वेगळे द्या: वरची तंतुवाद्यं, खालची तंतुवाद्यं, पियानो, तालवाद्यं, इलेक्ट्रॉनिक. प्रत्येक स्टेमला त्याचा स्वतःचा रिव्हर्ब (घुमारा). सगळ्यांचा एकच रिव्हर्ब ठेवलात तर पियानो काढला तरी त्याचं भूत मागे राहतं. मास्टरवरचा लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर रोखणारा) बंद करून निर्यात करा, कारण लिमिटरसकट काढलेले स्टेम बेरीज केल्यावर मूळ मिक्ससारखे वाजत नाहीत. शेवटी ४-५ सेकंदांची शेपटी सोडा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट.

सगळ्यात जास्त वेळा फसतं ते फ्रेमच्या वेगात. चित्र २३.९७६ वर आणि तुमचा प्रकल्प २४ वर असेल तर फरक हजारात एक. ऐकायला काहीच नाही, पण ३ मिनिटांच्या तुकड्यात ०.१८ सेकंद, म्हणजे ४ फ्रेमहून जास्त. दार आपटतं आणि ठोका आधीच वाजून गेलेला असतो. काम सुरू करायच्या आधी संकलकाला वेग लेखी विचारा, आणि सुरुवातीच्या २ सेकंद आधी एका फ्रेमचा बीप ठेवा म्हणजे जुळवताना वाद होत नाही.

निषाद_कोमल

ऐकायला कुठून सुरुवात करू? क्रम सांगा.

खर्जातला

'फँटम थ्रेड', मग 'देअर विल बी ब्लड', मग 'जुनून'. रेडिओहेड ऐकलेलं असेलच.

सुरावट

छे, उलटं. आधी 'पॉपकॉर्न सुपरहेट रिसीव्हर' हेडफोनवर, मग चित्रपट. आधी गोडवा ऐकलात तर नंतर गोंगाट सहन होणार नाही.

पंचमवेडी

'द स्माइल'चा पहिला अल्बम (२०२२) विसरू नका, त्यात हे सगळे हात एकत्र दिसतात.

निषाद_कोमल

शेवटचं विचारतो. रेडिओहेडच्या 'बर्न द विच'मध्ये तंतुवाद्यं गजाने वाजत नाहीत असं वाचलं. मग कशाने?

गजकरण

गिटारच्या पिकने. व्हायोलिन-चेलोवाल्यांच्या हातात प्लेक्ट्रम देऊन तारा छेडायला लावल्या, म्हणून तो सुरुवातीचा खडखडाट इतका कोरडा आणि एकसारखा आहे. करायचं असेल तर पातळ, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं नायलॉनचं प्लेक्ट्रम घ्या. जाड घेतलं तर तार बाजूला ओढली जाते आणि सूर चढून खाली येतो. फिंगरबोर्डच्या टोकाजवळ छेडा, घोडीपाशी नको. तिथे तारेवर गजाची राळ साचलेली असते, ती प्लेक्ट्रमला चिकटते आणि दहा-बारा फटक्यांत ते तारेत अडकायला लागतं, म्हणून आधी तारा कोरड्या फडक्याने पुसून घ्या. आवाज गजापेक्षा बराच लहान येतो, माइक जवळ आणावे लागतात, आणि मग नखांचा, बाह्यांचा, खुर्च्यांचा आवाजही येतो. वादकाचं वाद्य महागडं असेल तर आधी विचारा. खालच्या फटक्याला प्लेक्ट्रम वार्निशवर घासतं.

निषाद_कोमल

व्हायोला चालेल का? व्हायोलिन हाताशी नाही.

गजकरण

चालेल, उलट बरा. सी ची तार सोडून वाजवा, ती प्लेक्ट्रमला फार ढिली लागते.